‘माहीत नाही’ एवढ्यावर भागत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘अडाणी शेतकऱ्यांना लाखोंचा गंडा’, ‘निर्णयापासून अधिकारीच अनभिज्ञ’, ‘अज्ञात आरोपीला फिर्यादीने ओळखले’. असे मथळे मराठी वृत्तपत्रांत वरचेवर दिसतात आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. तिन्हींत कोणाला तरी काहीतरी माहीत नाही एवढेच सांगायचे असते आणि तिन्ही ठिकाणी शब्द चुकीच्या खणातून उचललेला असतो. आम्ही दोघे दस्तलेखन आणि कोर्टाच्या कागदांचे भाषांतर करतो. आमच्या कामात हा शब्द चुकला तर कुठे सातबारा अडकतो, कुठे दाव्यात नको ती गोष्ट कबूल होऊन बसते. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास मधले कापावे, सातबाऱ्याचे ठेवावे.

सातबाऱ्यापासूनच सुरुवात करतो. बोलण्यात ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञान नसणे. दस्तात ‘अज्ञान’ म्हणजे अठरा पूर्ण न झालेला. तिथे तो अकलेचा नव्हे, वयाचा शब्द आहे आणि त्याचा जोडीदार ‘सज्ञान’. मुलगा दहावीत पहिला आलेला असो की शाळेचे तोंड न पाहिलेला, खरेदीखतात तो ‘अज्ञान’च. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ प्रमाणे वय मोजताना जन्मदिवस पूर्ण धरतात आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होताच माणूस सज्ञान होतो. म्हणजे आदल्या रात्री बाराचा ठोका पडेपर्यंत अज्ञान आणि पडला की सज्ञान. मधल्या क्षणात ज्ञान कुठून येते ते कायदा विचारत नाही.

वडील वारले, वारस नोंद झाली आणि मुले लहान असली की सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि मग आईचे नाव लागते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही तीन अक्षरे लिहिली जातात एका दिवसात, पण आपोआप कधीच पुसली जात नाहीत. चाळिशीला आलेला, स्वतःची मुले शाळेत धाडणारा माणूस कागदोपत्री अजून अज्ञान असतो. त्याला ते कळते पीककर्जाच्या वेळी, नाहीतर जमिनीचा व्यवहार ठरून इसार दिल्यावर. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा मूल अठराचे झाले की लगेच तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर ‘अ.पा.क. शेरा कमी करणे’ हा अर्ज करावा. सोबत वयाचा पुरावा लागतो, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. फेरफार गाव नमुना ६ मध्ये धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि शेरा निघतो. काम अडते ते बहुधा नावामुळे. वारस नोंदीच्या वेळी घरातले हाकेचे नाव लागलेले असते आणि दाखल्यावर शाळेतले. असे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडावे, म्हणजे दुसरी खेप वाचते.

याच शब्दाची दुसरी बाजू विकत घेणाऱ्याने पाहायची. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्वतःची स्थावर मिळकत नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. विकली तर व्यवहार मुळातच शून्य ठरत नाही, पण त्या मुलाला तो रद्द करून घेता येतो. त्यासाठी मुदत कायद्याने त्याला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे दिली आहेत, म्हणजे तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत घेणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार. भाषांतरात ‘अज्ञान विक्रेता’ हे शब्द पाहून ‘व्यवहाराची माहिती नसलेला विक्रेता’ असे उलगडून लिहिलेले आमच्यापुढे येते, तेव्हा एका शब्दात सगळा दस्त उलटा होतो.

बातमीत मात्र ‘अज्ञान मुलगी’ लिहू नये. वाचक तो शब्द अकलेचाच घेणार. तिथे ‘अल्पवयीन’ योग्य. आणि बातमी बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखालची असेल तर त्या कायद्यांचा स्वतःचा शब्द ‘बालक’ आहे, तो अठराच्या आतल्या सगळ्यांना लागतो. मिळकतीला अज्ञान, बातमीला अल्पवयीन, संरक्षणाला बालक, अशी ही विभागणी आहे. एका शब्दावर भागेल असे वाटते, पण भागत नाही.

आता ‘माहीत नाही’. दिवाणी दाव्यात प्रतिवादी कैफियत, म्हणजे लेखी जबाब, देतो तेव्हा वादीच्या प्रत्येक विधानाला उत्तर द्यावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे जे विधान नेमकेपणाने नाकारले नाही, किंवा कबूल नाही असे म्हटले नाही, ते कबूल धरले जाते. वादीने लिहिले, ‘१२ मार्चला प्रतिवादीच्या भावाने रक्कम स्वीकारली’. प्रतिवादीने लिहिले, ‘त्याबाबत माहिती नाही’. झाले, तो फसला. मला माहीत नाही म्हणणे आणि तसे घडले नाही म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती नसल्याचे सांगणे म्हणजे नाकारणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलेले आहे. म्हणून जुने वकील एक वाक्य घोटून ठेवत: ‘माहीत नाही, सबब कबूल नाही.’ पहिला अर्धा भाग प्रामाणिकपणासाठी, दुसरा अर्धा बचावासाठी. हल्ली संगणकावर जुनी कैफियत चिकटवताना नेमका दुसरा अर्धा गळतो.

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी ‘माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे आहे’ हे शब्द येतात, तेही शोभेचे नाहीत. ‘माहिती’ म्हणजे स्वतः पाहिलेले, केलेले, ऐकलेले. ‘समजूत’ म्हणजे दुसऱ्याकडून कळलेले आणि खरे मानलेले. दाव्याच्या सत्यापनात तर कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते मिळालेल्या माहितीवरचे हे आकड्यांनिशी सांगावे लागते (आदेश ६, नियम १५). ‘परिच्छेद १ ते ४ माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे आणि ५ ते ७ मला मिळालेल्या माहितीवरून, ती खरी असल्याच्या समजुतीने’ अशी भाषा हवी. आजोबांनी १९५० च्या आसपास घेतलेल्या जमिनीबद्दल तिशीतला नातू ‘सर्व मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीचा’ असे लिहून मोकळा होतो आणि उलटतपासात पहिलाच प्रश्न येतो: तेव्हा आपले वय काय होते?

‘कायद्याचे अज्ञान ही सबब नाही’ हे सगळ्यांना पाठ असते. त्याचा उरलेला भाग फारसा कोणी सांगत नाही. वस्तुस्थिती माहीत नसणे ही सबब होऊ शकते. दुसऱ्याची छत्री आपलीच समजून प्रामाणिकपणे उचलली तर ती चोरी नव्हे. दुसऱ्याची छत्री नेणे गुन्हा आहे हे ठाऊक नव्हते म्हणाल तर उपयोग नाही. भारतीय न्याय संहितेत १४ आणि १७ या कलमांत हा भेद आहे (जुन्या दंड संहितेत ७६ आणि ७९). बातमीदाराने ‘अज्ञानामुळे गुन्हा घडला’ असे लिहिण्याआधी कसले अज्ञान, हे एवढे विचारून घ्यावे.

तिसऱ्या मथळ्याकडे वळतो. ‘अज्ञात’ आणि ‘अनोळखी’ यांत पोलीस ठाण्यात फरक असतो, निदान असायला हवा. रात्री घर फोडले, कोणी पाहिले नाही, तर चोर अज्ञात. भररस्त्यात समोरून येऊन गळ्यातले हिसकावले, चेहरा पाहिला पण माणूस ओळखीचा नाही, तर तो अनोळखी. पहिल्याची ओळख परेड घेता येत नाही, दुसऱ्याची येते. फिर्यादीत ‘अज्ञात इसम’ लिहिले गेले आणि दोन महिन्यांनी त्याच फिर्यादीने परेडमध्ये बोट दाखवले, की बचावाचा वकील पहिल्या कागदावर बोट ठेवतो: अज्ञात होता, मग ओळखला कसा? फिर्याद देणाऱ्याने तिथेच सांगावे की पाहिला आहे, पुन्हा दिसल्यास ओळखेन, आणि अंगलट, अंदाजे वय, कपडे जे आठवते ते लिहून घ्यायला लावावे. नाव माहीत असून सापडत नसलेला या दोघांहून निराळा. पोलिसांच्या भाषेत तो ‘पाहिजे आरोपी’. ‘अज्ञात पाहिजे आरोपी’ असा जोडशब्द छापून येतो, तेव्हा हसावे की रडावे कळत नाही.

मोबाइलवरही हाच घोळ. ‘अज्ञात क्रमांकावरून कॉल’ असे यंत्र म्हणते. क्रमांक तर पडद्यावर दहा आकड्यांनी समोर दिसतो आहे. तो अज्ञात कसा? अनोळखी. अज्ञात म्हणजे कोणालाच ठाऊक नसलेले, अनोळखी म्हणजे मला ठाऊक नसलेले. पांडवांचा तेराव्या वर्षीचा अज्ञातवास होता तो याच अर्थाने. विराटाच्या घरी त्यांना सगळे रोज पाहत होते, पण ते कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि जे कळण्याजोगेच नाही ते ‘अज्ञेय’, त्यावरून अज्ञेयवादी. ‘देव आहे की नाही मला अजून कळले नाही’ म्हणणारा अज्ञेयवादी नव्हे, तो नुसता विचारात पडलेला माणूस.

‘अनभिज्ञ’ या शब्दाची तर दैना आहे. त्याची फोड अन् + अभिज्ञ. अभिज्ञ म्हणजे जाणकार. पण सुरुवातीचा ‘अ’ पाहून लोक त्यालाच नकार समजतात आणि ‘कर्मचारी नियमांबाबत अभिज्ञ होते’ असे लिहून कर्मचाऱ्यांना न कळत प्रशस्तिपत्र देतात. काही जण आणखी पुढे जाऊन ‘भिज्ञ’ असा शब्द पाडतात. तो कोणत्याही कोशात मिळणार नाही. शंका आली तर शाकुंतल आठवावे. अभिज्ञान म्हणजे ओळख पटवणारी खूण, तिथली अंगठी. तिथे ‘अ’ नाही, ‘अभि’ आहे. दुसरी चूक विभक्तीची. ‘निर्णयापासून अनभिज्ञ’ किंवा ‘निर्णयाशी अनभिज्ञ’ हा हिंदीतल्या ‘से’चा प्रसाद आहे. मराठीत ‘निर्णयाबाबत’ नाहीतर ‘निर्णयाविषयी’. मुळात शब्द एवढा जड की शिपायाला आदेश कळला नाही तर त्याला कोणी अनभिज्ञ म्हणत नाही, साहेबांना कळला नाही तरच म्हणतात. ‘अधिकाऱ्यांना निर्णय माहीतच नव्हता’ लिहिले तर काय बिघडते? जागाही तेवढीच लागते. जाता जाता याच कुळातला आणखी एक: तत् + ज्ञ म्हणजे ‘तज्ज्ञ’. एका ज वाचून ‘तज्ञ’ लिहिणारे तज्ज्ञांच्या नावाच्या पाट्यांवरही आढळतात.

आता ज्या शब्दामुळे हे पत्र लिहायला बसलो तो. ‘अडाणी’.

जनगणनेत माणसे साक्षर आणि निरक्षर अशी मोजतात. साक्षर म्हणजे वय सात किंवा जास्त आणि कोणतीही एक भाषा समजून वाचता-लिहिता येणे. शाळेत गेलाच पाहिजे अशी अट नाही. नुसते वाचता येते, लिहिता येत नाही, तो साक्षर नाही. सहा वर्षांचे पोर पुस्तक घडाघडा वाचत असले तरी साक्षरांत मोजले जात नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा साक्षरतेचा दर सुमारे ८२ टक्के आला, तो या व्याख्येने. ‘अशिक्षित’ म्हणजे शाळा न शिकलेला, तो साक्षर असू शकतो. ‘अडाणी’ हे यातले काहीच नाही. तो मोजण्याचा शब्द नाही, ठरवण्याचा आहे. ज्याला रीत कळत नाही, समज नाही, तो अडाणी, मग पदव्या किती का असेनात. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. त्यांना अडाणी म्हणण्याची कोणाची छाती आहे? मग ज्याच्या खात्यातून परस्पर पैसे गेले, त्या शेतकऱ्याला मथळ्यात अडाणी कशासाठी म्हणायचे? फसवणूक झालेले डॉक्टर आणि प्राध्यापकही याच पानावर असतात. त्यांच्या बातमीत ‘उच्चशिक्षित’ येते, म्हणजे बिचारे फसले, आणि शेतकऱ्याच्या बातमीत अडाणी, म्हणजे फसणारच होता.

महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शूद्रांच्या दुर्दशेचे मूळ सांगताना निवडलेला शब्द ‘अविद्या’ आहे. अज्ञान नाही, अडाणीपणही नाही. वेदांतात अविद्या म्हणजे आत्मस्वरूपावरचे झाकण. फुल्यांनी तो शब्द उचलला आणि विद्या मिळू न देणे या अर्थाने जमिनीवर आणला. अडाणीपणाचा दोष ज्याला अडाणी म्हणायचे त्याच्याकडे जातो. अविद्या म्हटले की ज्याने शाळेचे दार लावले त्याच्याकडे बोट वळते.

जुन्या कागदांत लिहिता न येणाऱ्याची कोणी टवाळी केलेली नाही. सहीच्या जागी शेतकऱ्याने नांगर काढायचा, बाईने बांगडी. त्याला ‘निशाणी’ म्हणत आणि बाजूला लिहिणारा ‘दस्तुर’ म्हणून आपले नाव घाली. नंतर अंगठा आला आणि त्याच्यामागून ‘अंगठाछाप’, ‘अंगठेबहाद्दर’ हे शब्द आले. आज रेशन दुकानातल्या यंत्रावर प्राध्यापकही अंगठाच टेकवतात, तरी शब्द तसेच राहिले. अंगठा घेताना एक पथ्य मात्र पाळावे: दस्त आधी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ‘वाचून दाखवला, समजला, मग अंगठा केला’ असा शेरा साक्षीदाराच्या सहीनिशी घ्यावा. ‘वाचून दाखवला’ आणि ‘समजला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान नसेल तर तो कागद पुढे लटका पडतो. दवाखान्यातल्या संमतिपत्रालाही हेच लागू.

गावात माहिती गोळा करणाऱ्यांना एक सांगणे. ‘आम्हा अडाण्यांना काय कळतंय, साहेब’ हे उत्तर म्हणून लिहून घेऊ नका. ती नम्रता असते, किंवा सांगायची इच्छा नसते, किंवा तुमचा प्रश्नच चुकलेला असतो. ‘तुमची जमीन किती हेक्टर?’ विचारले की म्हातारा म्हणतो, ‘ठावं न्हाई.’ लगेच ‘माहीत नाही’च्या चौकटीत खूण होते. त्यालाच ‘किती एकर, किती गुंठे?’ विचारा. तो तीन एकर दहा गुंठे म्हणेल आणि त्यातला पड किती हेही सांगेल. चाळीस गुंठ्यांचा एकर, सुमारे अडीच एकरांचा हेक्टर, आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. तेव्हा तीन एकर दहा गुंठे म्हणजे एक हेक्टर साधारण ३१–३२ आर. हिशेब तुम्ही करायचा आहे. अज्ञान असलेच तर हेक्टर-आरचे आहे, जमिनीचे नाही. प्रश्नावलीत ‘माहीत नाही’, ‘सांगता येत नाही’ आणि ‘सांगायचे नाही’ हे तीन पर्याय वेगळे छापावेत. मधल्या पर्यायात पहिला आणि तिसरा दोन्ही दडून बसतात.

आणखी एक जागा, जिथे रोज मराठीचे हाल होतात: भाषांतरित ॲप आणि जाहिराती. इंग्रजीला जाणण्यासाठी एकच क्रियापद पुरते. मराठीला पुरत नाही. वस्तुस्थिती ‘माहीत’ किंवा ‘ठाऊक’ नसते. कला, भाषा, काम ‘येत’ नाही. माणूस ‘ओळखीचा’ नसतो. बोलणे ‘कळत’ नाही, गणित ‘समजत’ नाही, मनातले ‘उमगत’ नाही. ‘मला पोहणे माहीत नाही’ असे कोणताही मराठी माणूस म्हणणार नाही, पण ॲपमध्ये ‘तुम्हाला कोणत्या भाषा माहीत आहेत?’ असे सर्रास असते. येतात की नाही ते विचारा. ‘अज्ञात त्रुटी आली’ ही पाटी तर कोडेच. त्रुटी आली हे कळले, मग अज्ञात काय? ‘काय बिघडले ते कळले नाही, पुन्हा करून पाहा’ लिहिले तर निदान पुढे काय करायचे ते समजते. लेखनाचेही सांगून टाकतो: ‘माहीत’ मध्ये ही दीर्घ, ‘माहिती’ मध्ये हि ऱ्हस्व. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असतो, शेवट दीर्घ झाला की तो ऱ्हस्व होतो. गरीब, गरिबी तसे. माहीत हे विशेषण, माहिती हे नाम. ‘मला माहीत नाही’ आणि ‘मला त्याची माहिती नाही’. बोलताना ‘माहिती नाही’ चालते, छापताना संपादकांनी जपावे.

बोलीत तर आणखी गंमत. विदर्भात ‘मले मालूम नाही’, मालवणात ‘माका म्हायत नाय’, पश्चिम महाराष्ट्रात ‘ठावं न्हाई’. प्रमाण मराठीने ‘नेणणे’, म्हणजे न जाणणे, हे क्रियापद ज्ञानेश्वरीच्या पानांत ठेवून दिले, ‘जाणते-नेणते’ आणि मानसशास्त्रातली ‘नेणीव’ एवढेच मागे उरले. गोव्यात कोंकणी बोलणारा मात्र अजून सहज ‘नेणा’ म्हणतो. शाळेतल्या ‘ढ’चीही एक कथा सांगतात: ब्राह्मीपासून आजवर बाकी अक्षरे बदलली, ढ चे वळण तेवढे तसेच राहिले, म्हणून जो बदलत नाही तो ढ. खुलासा खरा की रचलेला ते सोडा, वळण मात्र खरोखरच जुळते.

वाक्प्रचार घाईत वापरले की तेही फसवतात. ‘गंध नसणे’ विषयाबद्दल: त्याला गाण्याचा गंध नाही. ‘गंधवार्ता नसणे’ घटनेबद्दल: छापा पडणार याची कोणाला गंधवार्ता नव्हती. ‘थांगपत्ता’ ठिकाणाचा. ‘कशाशी खातात’ हे टोचायचे असेल तेव्हा. ‘मंत्र्यांना शेतीची गंधवार्ता नाही’ असे छापले, तर शेती जणू कालच झालेली एखादी घटना होऊन बसते.

सरकारी कार्यालयांतला या कुळातला खास मराठी शब्द राहिलाच: ‘निरंक’. माहिती अधिकारात उत्तर येते, ‘माहिती निरंक आहे’, आणि अर्जदार समजतो की माहिती नाही. तसे नव्हे. निरंक म्हणजे शून्य. ‘गेल्या वर्षी किती तक्रारींवर कारवाई झाली?’ याला निरंक उत्तर आले, म्हणजे कार्यालयाला पूर्ण माहिती आहे आणि आकडा शून्य आहे. ते जपून ठेवा, तो पुरावा आहे. ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणजे त्यांच्याकडे ती ठेवलेली नाही. ‘अभिलेख आढळून येत नाही’ म्हणजे असायला हवा होता, पण सापडत नाही; तिथे अपिलात शोधाचा आणि जबाबदारीचा प्रश्न विचारता येतो. ‘माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे असेल तर नुसते कळवून भागत नाही, कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत संबंधित कार्यालयाकडे पाठवायला हवा होता. पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत, दुसरे पहिल्या अपिलाचा निर्णय मिळाल्यापासून नव्वद दिवसांत. कोणत्या शब्दावर अपील करायचे ते ओळखले नाही, तर अपिलालाही पुन्हा निरंकच येते.

शेवटी आपल्याच पानावरची दुरुस्तीची चौकट. तिथे प्रत्येक चुकीला ‘अनवधानाने’ हा एकच शब्द असतो. अनवधान म्हणजे लक्ष नसणे. माहिती असते, पण त्या क्षणी ध्यान सुटते. दोन छायाचित्रांची अदलाबदल झाली तर अनवधानाने किंवा नजरचुकीने बरोबर आहे. आकडा चुकीचा मिळाला आणि तसाच छापला, तर ‘मिळालेल्या चुकीच्या माहितीमुळे’ म्हणावे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारलेच नाही, तर ‘खातरजमा न केल्यामुळे’. पहिले दोन प्रकार अधूनमधून छापून येतात. तिसरा आम्ही अजून पाहिलेला नाही.

आपले विश्वासू,
दस्तलेखन व भाषांतर करणारे दोन वाचक, सातारा